फेडरल नोकरीतली लाँग टर्म केअर पॉलिसी: हप्ता वाढला म्हणून बंद करायची का?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे मिस्टर फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या, नोकरीत आहेत, वय ६१, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. २००८ मध्ये त्यांनी फेडरल लाँग टर्म केअर इन्शुरन्स प्रोग्रॅमची पॉलिसी घेतली, म्हणजे म्हातारपणी किंवा आजारपणात रोजच्या कामांसाठी दीर्घकाळ लागणाऱ्या सेवेच्या खर्चाचा विमा: दिवसाला १५० डॉलर, पाच वर्षांचा लाभ, वर दैनिक रकमेत दरवर्षी ५ टक्के चक्रवाढ. हप्ता महिना ८४ डॉलरपासून सुरू झाला. तो १०५ झाला, मग २१०, आणि आता टप्प्याटप्प्याने ३९० वर चालला आहे. तुम्ही म्हणता, "सरकारी योजना म्हणून डोळे मिटून घेतली आणि फसलो. बंद करून तेच पैसे टीएसपीत (फेडरल कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती बचत खात्यात) टाकले तर?" दुसरा प्रश्न तुमचा स्वतःचा. वय ५८, तुमच्या नावावर काहीच नाही.

मी बरीच वर्षे एका फेडरल कार्यालयाच्या मनुष्यबळ विभागात होतो, आणि निवृत्त झाल्यापासून आपल्या मंडळींची निवृत्तीची कागदपत्रे बघून देतो. ही पॉलिसी माझ्याकडेही आहे. त्यामुळे हप्तावाढीच्या पत्राचे ते जाडजूड पाकीट हातात घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसण्याचा अनुभव मलाही आहे. माझे उत्तर असे: बंद करू नका. झेपत नसेल तर कापून लहान करा.

"सरकारी" या शब्दाने पुष्कळांचा घोटाळा केला आहे, म्हणून आधी तो सोडवतो. २००० साली अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा केला, बिल क्लिंटन यांची सही झाली आणि २००२ पासून विक्री सुरू झाली. योजनेवर देखरेख ओपीएमची, म्हणजे फेडरल सरकारच्या मनुष्यबळ कार्यालयाची; पण जोखीम विमा कंपनीची, आणि हप्ता शंभर टक्के कर्मचाऱ्याचा. आरोग्य विम्यात, म्हणजे एफईएचबीत, सरकार सरासरी हप्त्याच्या ७२ टक्क्यांच्या आसपास भार उचलते. इथे एक सेंटही नाही. पगारातून दोन्ही शेजारीशेजारी कापले जात, म्हणून लोकांना दोन्ही एकाच जातीचे वाटले. खरे तर ही खासगी गटविम्याची पॉलिसी, फक्त सरकारी दारातून विकलेली. सुरुवातीला जॉन हॅन्कॉक आणि मेटलाइफ दोघे होते, २००९ पासून एकटी जॉन हॅन्कॉक. २०१६ मध्ये कराराची मुदत संपून नव्याने निविदा मागवल्या, तेव्हा तिच्याखेरीज कुणी पुढे आलेच नाही. बाजाराला या धंद्याबद्दल काय वाटत होते ते यावरून समजा.

हप्ते वाढले कशामुळे? विमा कंपन्यांनी धरले होते की बरेच जण दोन-चार वर्षे हप्ते भरतील आणि कंटाळून सोडून देतील. आयुर्विम्यात तसे होते. इथे लोकांनी पॉलिसी घट्ट धरून ठेवली, कारण आपल्या आईवडिलांचे अखेरचे दिवस त्यांनी पाहिले होते. शिवाय २००८ नंतर व्याजदर कोसळले, त्यामुळे साठवलेल्या हप्त्यांवर धरलेली कमाई झाली नाही. माणसे जास्त जगली, क्लेम जास्त लांबले. आकडे चुकले ते या सगळ्यांमुळे. २०१० च्या जानेवारीत चक्रवाढीचा पर्याय घेतलेल्यांना २५ टक्क्यांपर्यंत वाढ लागली, म्हणजे तुमचे ८४ चे १०५. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये सरासरी ८३ टक्के, कमाल १२६. पावणेतीन लाखांच्या आसपास सभासदांपैकी जवळजवळ सगळ्यांना ती बसली. मग २०२४ पासून तीन वर्षांत मिळून ८६ टक्क्यांपर्यंत. राज्य सरकारांच्या योजनांचेही फार वेगळे नाही. कॅलिफोर्नियाच्या कॅलपर्सने १९९५ मध्ये अशीच योजना काढली, पुढे एकदम ८५ टक्के वाढ केली, त्यावर मोठा सामूहिक खटला चालला, आणि २०२० मध्ये नवीन अर्ज घेणे बंद केले.

राग येणे साहजिक आहे. पण वाढलेला हप्ता आणि मिळणारी वस्तू यांचा हिशेब रागाच्या भरात होत नाही. तो आता करू.

दिवसाचे १५० डॉलर ५ टक्के चक्रवाढीने १७ वर्षे वाढले की ३४४ होतात. मिस्टरांच्या ताज्या पत्रकावर हाच आकडा असेल, बघा. पाच वर्षांच्या दिवसांनी गुणले तर एकूण लाभाची रक्कम सव्वासहा लाख डॉलरच्या वर जाते. २००८ मध्ये ती पावणेतीन लाख होती. खर्चाची बाजू अशी: जेनवर्थ ही विमा कंपनी आणि केअरस्काउट यांच्या २०२४ च्या पाहणीत नर्सिंग होमच्या, म्हणजे चोवीस तास शुश्रूषा मिळणाऱ्या निवासाच्या, खासगी खोलीचा देशभरातला मध्यम दर वर्षाला १,२७,७५० डॉलर होता आणि असिस्टेड लिव्हिंगचा, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळणाऱ्या निवासाचा, ७०,८००. पहिला आकडा ३६५ ने भागलात तर ३५० येतो. तुमचे ३४४ त्याला जवळजवळ भिडलेले आहेत. इतकी नेमकी बसलेली पॉलिसी मी फार थोड्यांकडे पाहिली आहे.

आता महिना ३९० म्हणजे वर्षाचे ४,६८०. वयाच्या ८६ पर्यंत, म्हणजे आणखी २५ वर्षे भरले, तर होतात १ लाख १७ हजार. नर्सिंग होमच्या आजच्या दराने एका वर्षाच्याही आत. पुन्हा वाढ होणार नाही असे मी म्हणत नाही, होऊ शकते. त्यासाठीच खाली कापण्याबद्दल लिहिले आहे.

बंद केल्यास हातात काय राहते? मोठ्या वाढीच्या वेळी एक सोय असते: हप्ता थांबवा, आणि आजवर भरलेल्या हप्त्यांइतक्या रकमेचा लाभ तुमच्या नावावर राहू द्या. ऐकायला बरे वाटते. तुमचे आजवर भरलेले साधारण ३५ हजार भरतील. ३४४ ने भागा. शंभर दिवस. सव्वासहा लाखांच्या बदल्यात शंभर दिवसांची सेवा. शिवाय ही सोय पत्रात दिलेल्या मुदतीतच मिळते. नुसता हप्ता भरणे सोडून दिलेत तर शंभर दिवसही नाहीत.

राहिले टीएसपी. निवृत्तीनंतर टीएसपीत दर महिन्याला नवे पैसे टाकता येत नाहीत, फक्त दुसऱ्या निवृत्ती खात्यातून वळवता येतात. म्हणजे बाहेरचे साधे गुंतवणूक खाते. महिना ३९०, वर्षाला ६ टक्के, २० वर्षे: साधारण १ लाख ८० हजार. सेवा लागलीच नाही तर हे पैसे मुलांना मिळतील आणि पॉलिसीचे हप्ते वाया गेलेले असतील, हे खरेच आहे. सेवा पाच वर्षांनी लागली, तर खात्यात पंचवीस-तीस हजार असतील आणि पॉलिसीत सव्वासहा लाखांहून जास्त. विमा या दुसऱ्या शक्यतेसाठी असतो.

काहींना मी "सोडा" असेही सांगितले आहे. हप्ता भरण्यासाठी क्रेडिट कार्ड वापरावे लागत असेल तर पॉलिसी चालत नाही. ऐंशीव्या वर्षी ती सुटणारच, मग आजच का नको? ज्यांच्याकडे घराशिवाय फारसे काही नाही त्यांना शेवटी मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजनाच, आधार देते. आणि ज्यांच्याकडे वीस-तीस लाख डॉलर बाजूला पडले आहेत ते खिशातून करू शकतात. मधल्यांना ही पॉलिसी लागते. तुमच्या पत्रावरून तुम्ही मधल्या आहात.

कापायची तर कुठून? माझा क्रम असा. मिस्टरांच्या हप्तावाढीच्या पत्रात लाभाच्या पुढच्या वाढीचा दर ५ टक्क्यांवरून कमी करण्याचा पर्याय असेल, आणि आजवर साचलेले ३४४ तसेच राहणार असतील, तर सर्वांत आधी तो बघा. ३ टक्क्यांनीही २० वर्षांत ३४४ चे ६२० होतात. फोनवर एवढेच विचारा, "आजची दैनिक रक्कम कायम राहून फक्त पुढची वाढ कमी होते ना?" आणि उत्तर लेखी मागवा. तेवढ्याने भागत नसेल तर पाच वर्षांची तीन करा. रक्कम पावणेचार लाखांवर येते. अमेरिकन आरोग्य खात्याने प्रसिद्ध केलेल्या सरासरीनुसार पुरुषांना अशी सेवा २.२ वर्षे लागते, बायकांना ३.७. मिस्टरांसाठी तीन वर्षे कमी नाहीत. दैनिक रक्कम शेवटपर्यंत हलवू नका, कारण महिन्याचे बिल भागते की नाही ते तीच ठरवते. तीन वर्षे पूर्ण भागणे पाच वर्षे अर्धवट भागण्यापेक्षा बरे असते, कारण अर्धवट भागले की उरलेले काम बायको आणि सून करतात.

एकदा कापलेले परत वाढवता येईल या भरवशावर मात्र राहू नका. ओपीएमने १९ डिसेंबर २०२२ पासून नवीन अर्ज आणि लाभ वाढवण्याचे अर्ज, दोन्ही स्थगित केले. आधी दोन वर्षांसाठी, मग ती मुदत १९ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली. दार उघडले तरी आरोग्य तपासणी नव्याने होणार, आणि साठीनंतर गोळ्यांची यादी वाढलेली असते.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही पण जिथे सगळ्यात जास्त घोळ होतो, ते क्लेम. लाभ सुरू व्हायला दोनपैकी एक गोष्ट लागते. एक म्हणजे सहा रोजच्या क्रियांपैकी किमान दोन दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमत नाहीत आणि ही अवस्था किमान ९० दिवस राहील असे प्रमाणपत्र. क्रिया या: अंघोळ, कपडे घालणे, जेवणे, शौचालय वापरणे, मलमूत्रावर ताबा, आणि खाटेवरून खुर्चीत जाणे-येणे. दुसरी म्हणजे स्मृतिभ्रंशासारखी गंभीर अवस्था, जिथे माणसाला एकटे सोडणे धोक्याचे होते. स्वयंपाक, गाडी चालवणे, औषधे आणणे यांतले काहीही मोजले जात नाही.

माझ्या ओळखीतले एक निवृत्त इंजिनियर, ८१ वर्षांचे, पार्किन्सन्स. विमा कंपनीने तपासणीसाठी नर्स घरी पाठवली. त्या दिवशी गृहस्थ सकाळी सहाला उठले. मुलाकडून अंघोळ घालून घेतली, सुनेकडून इस्त्रीचा शर्ट चढवून घेतला, बटणे तिनेच लावली. नर्स आली तेव्हा सोफ्यावर ताठ बसलेले. तिने विचारले, अंघोळ स्वतः करता? "हो, रोज." कपडे? "बघा ना, घातलेच आहेत." वर तिला चहाचा आग्रह. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सासऱ्यांना परक्या बाईसमोर खोटे कसे पाडणार? क्लेम नामंजूर झाला. त्यात कंपनीचा काय दोष? नर्सने जे ऐकले-पाहिले ते लिहिले.

नंतर आम्ही वही घातली. साधी शाळेची वही. सुनेने तीन आठवडे रोज लिहिले: "७.१० अंघोळ. टबच्या कडेवर पाय उचलता आला नाही, धरून आत घेतले. ७.४० बटणे मी लावली. दुपारी २ खुर्चीतून उठताना दोनदा मागे बसले." ही वही, न्यूरॉलॉजिस्टचे पत्र आणि फिजिओथेरपिस्टचा अहवाल जोडून पुन्हा अर्ज केला आणि क्लेम मंजूर झाला. एक बारकावा लक्षात ठेवा: प्रत्यक्ष हात लावून केलेली मदत मोजतातच, पण पडतील म्हणून हाताच्या अंतरावर उभे राहावे लागते तीही मोजली जाते. आपल्या घरांत ही दुसरी मदत आपण मदत म्हणून धरतच नाही. "मी फक्त बाहेर उभी असते" असे बायका म्हणतात. तेच "फक्त" वहीत लिहायचे असते.

मंजुरीनंतर बहुधा ९० दिवसांचा प्रतीक्षा काळ असतो. त्याची मोजणी पॉलिसीच्या आवृत्तीनुसार बदलते: काहींत साधे कॅलेंडरचे दिवस, जुन्या २००२ च्या आवृत्तीत प्रत्यक्ष सेवा घेतलेले दिवस. जुन्या आवृत्तीत आठवड्यातून तीनदा बाई आली तर ९० दिवस भरायला सात महिने लागतात. मिस्टरांची पॉलिसी २००८ ची, म्हणजे मूळ आवृत्ती; २००९-१० मध्ये त्यांनी दुसरीत बदल करून घेतला नसेल तर हे कलम आधी उघडून वाचा. तेवढ्या काळाचा खर्च रोख बाजूला ठेवा.

"मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) आहे की" असे बरेच जण म्हणतात. मेडिकेअर नर्सिंग सुविधेचे जास्तीत जास्त १०० दिवस देते, तेही तीन दिवस रुग्णालयात दाखल राहिल्यानंतर आणि कुशल उपचारांची गरज असेपर्यंत. पहिल्या २० दिवसांनंतर रोजचा वाटा तुमचा. नुसती अंघोळ घालायला आणि सोबत बसायला माणूस हवा असेल तर मेडिकेअर देत नाही आणि एफईएचबीही देत नाही. मेडिकेड देते, पण बहुतेक राज्यांत एकट्या माणसाची मोजणीत येणारी मालमत्ता २,००० डॉलरच्या आसपास यावी लागते, जोडीदाराला वेगळी सूट असते, आणि मागच्या पाच वर्षांत मुलांना दिलेले पैसे ते तपासतात.

आता तुमच्याबद्दल. फेडरल योजनेत जोडीदाराला घेत असत, पण स्थगितीमुळे तुम्हाला ते दार सध्या बंद आहे. खासगी बाजारात दोन रस्ते. एक शुद्ध, म्हणजे फक्त अशा सेवेची पॉलिसी, जिचा हप्ता पुढे वाढू शकतो. बहुतेक कंपन्या बायकांना जास्त दर लावतात, कारण बायका जास्त जगतात आणि नवऱ्यांची सेवा करून झाल्यावर त्यांच्यासाठी कुणी उरत नाही. दुसरी आयुर्विम्याला जोडलेली. सुरुवातीला जास्त पैसे लागतात, पण हप्ता बहुधा ठरलेला राहतो आणि सेवा लागली नाही तर वारसांना रक्कम मिळते. ५८ व्या वर्षी, आणि मिस्टरांच्या पॉलिसीने पोळलेल्या घरात, मी दुसरी आधी बघेन. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात असल्याचे अहवाल जमवा आणि अर्जापूर्वीच एजंटकडून अनौपचारिक चौकशी करून घ्या. एकदा लेखी नकार आला की पुढचे अर्ज अवघड जातात.

पण तुमच्यासाठी पॉलिसीहून मोठा निर्णय मिस्टरांच्या निवृत्तीच्या अर्जात आहे. फर्स या फेडरल कर्मचाऱ्यांच्या पेन्शन योजनेत त्यांनी तुमच्यासाठी पूर्ण वारस पेन्शन निवडली तर त्यांची पेन्शन १० टक्के कमी होते आणि त्यांच्यानंतर तुम्हाला निम्मी मिळते. "कशाला दहा टक्के घालवायचे" म्हणून काही जण ती सोडतात, आणि बायकोही नोटरीसमोर सही करून देते. अशी सोडली की त्यांच्या मागे तुमचा एफईएचबीचा हक्कही जातो, तुम्ही स्वतः फेडरल कर्मचारी नसाल तर. ती सही कुणी कितीही समजावले तरी करू नका.

निवृत्तीच्या महिन्यात आणखी एक खड्डा असतो. पगार थांबला की पगारातली कपात थांबते. ओपीएमकडून अंतिम पेन्शन ठरेपर्यंत काही महिने अंतरिम रक्कम येते, आणि त्या रकमेतून लाँग टर्म केअरचा हप्ता कापला जात नाही. बिल टपालाने येते. त्याच सुमारास लोक भारतात तीन महिने जाऊन येतात. तेव्हा निवृत्तीच्या आधीच बँक खात्यातून थेट कपात लावून घ्या. शिवाय पॉलिसीत तिसऱ्या व्यक्तीचे नाव देण्याची सोय आहे: हप्ता चुकला तर तिलाही सूचना जाते. तिथे तुमचे नाव घालू नका, मुलीचे घाला. ज्या वर्षी मिस्टर बिल भरायला विसरू लागतील, त्या वर्षी तुम्ही दोघेही टपाल उघडत नसाल.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती, "कदाचित पुण्यालाच परत जाऊ." मग अमेरिकेबाहेरच्या सेवेचे कलम आजच काढा. ते आवृत्तीगणिक वेगळे आहे, आणि मिस्टरांचे हप्तावाढीचे पत्र आणि पॉलिसीची मूळ पुस्तिका यांत फरक असेल तर पुस्तिका ग्राह्य. सापडत नसेल तर नवी प्रत मागवा, फुकट मिळते. सोबत राहणाऱ्या नातेवाइकाने केलेल्या सेवेचे कलमही त्याच पुस्तिकेत आहे, तेही वाचा, कारण पुण्यात तुमच्याकडे राहायला येणार ती भाचीच असणार.